कोरी बाटली

प्रयोगशाळेत जायच्या दिवशी मी तोंडाला पावडर लावत नसे. क्रीम नाही, केसांना वासाचं तेल नाही, नखांना रंग नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला यजमानीणबाई अत्तराची कुपी घेऊन पुढे आल्या की मी हात मागे घ्यायची. ‘फार शिकलेल्या आहेत हो,’ असं माझ्या पाठीमागे, पण मला नीट ऐकू येईल इतक्या आवाजात म्हटलं जायचं. कारण सांगत बसले असते तर हळदीकुंकू राहिलं असतं बाजूला. कारण एवढंच, की अत्तरात, क्रीममध्ये, नखांच्या रंगात जी रसायनं घालतात त्यांतलीच काही मी पाण्यात शोधत असे. माझ्या हातावरची बाटलीत उतरली असती तर यंत्राला पाणी सापडण्याऐवजी मीच सापडले असते.

ईरा, नील, हे दिवाळी अंकासाठी लिहीत असले तरी डोळ्यांसमोर तुम्ही दोघंच आहात. ईरा, परवा फोनवर तू विचारलंस, “आजी, पाणी तर क्लिअरच असतं ना? मग तू दिवसभर काय शोधायचीस?” तेव्हा मी हसून विषय बदलला, कारण तुमच्याकडे शाळेची वेळ झाली होती आणि उत्तर लांबचं होतं. आता सवडीने देते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे या कामाचे मराठी शब्द मला शोधून आणावे लागतात. आईला वाचून दाखवायला सांगा, आणि शेवटपर्यंत ऐका.

हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप. एका ग्रंथीने लिहायचा, रक्ताने पोचवायचा, दुसऱ्या अवयवाने वाचायचा आणि निमूट पाळायचा: आता उंची वाढव, आता थांब, आता मुलीची बाई होऊ दे. निरोपाचा कागद इतका लहान असतो की तो मोजायला माणसाला शतकं लागली. काही रसायनांची घडण या निरोपांसारखी असते. शाळा बुडवणारा मुलगा वडिलांच्या सहीची चिठ्ठी स्वतःच लिहून आणतो, तशी. मास्तरांना सही ओळखीची वाटते आणि ते सोडून देतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात ती थॅलेट नावाची रसायनं, काही साबणांचे अवशेष, काही कीटकनाशकं ही सगळी अशा खोट्या चिठ्ठ्या लिहिणारी मंडळी. पाणी उकळून ती जात नाहीत. तुरटी, क्लोरीन यांना ती दाद देत नाहीत. पाण्याला त्यांचा रंग नसतो, वास नसतो.

किती असतात? पोहण्याच्या एका मोठ्या तलावात अर्धा चमचा साखर विरघळवली तर ती जितकी होईल, तितकी असली तरी आमच्या यंत्राला दिसायची. आमचं पोट या अर्ध्या चमच्यावर होतं. आणि शत्रू कोण, तर जिथे बघाल तिथलं प्लास्टिक. बाटलीचं झाकण, हातमोजे, खोलीतल्या वायरींवरचं आवरण, सगळीकडून ही रसायनं नमुन्यात उतरायला टपलेली. म्हणून आम्ही गडद काचेच्या बाटल्या वापरायचो. नमुन्यासाठी रिकाम्या बाटल्या निघाल्या की त्यांच्याबरोबर आणखी एक बाटली जायची, तिला आम्ही ‘कोरी’ म्हणायचो. तिच्यात प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी भरलेलं. तिने काही करायचं नाही, फक्त सगळ्यांबरोबर जायचं, तिथे थांबायचं आणि परत यायचं. परत आल्यावर तिच्यातही रसायन सापडलं, तर याचा अर्थ ते विहिरीतलं नाही, वाटेत कुठेतरी कोणाच्या तरी हाताने आत गेलेलं. मग सगळा संच बाद. हा नियम चांगला आहे. मी आजही त्याच्या विरोधात नाही.

लोकांना मात्र बाटलीचं महत्त्व पटवणं अवघड. बिबवेवाडीचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या फिल्टरचं पाणी थंडपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन आले होते. बाटलीवर सुवाच्य अक्षरात तारीख, वेळ, मजला.

मी म्हटलं, “काका, या बाटलीतलं पाणी चालणार नाही. बाटलीतलंच रसायन पाण्यात उतरतं.”

“मी तीनदा धुतली आहे.”

“धुऊन उपयोग नाही. मग मी तुमचं पाणी तपासणार की बाटली?”

“पाणी. बाटली मला परत हवी आहे.”

त्यांना काचेची बाटली दिली. ती त्यांनी नाकाजवळ नेऊन हुंगली, उजेडात धरली आणि विचारलं, “ही कुणी धुतली?” मी धुतली म्हटल्यावर, “बरं, मग चालेल,” असं म्हणून गेले. त्यांच्या पाण्यात काहीही निघालं नाही. ते त्यांना आवडलं नाही. ‘नीट बघितलंत का?’ असं पत्र आलं.

अशा गिऱ्हाइकांमुळे एक सवय लागते. काही सापडलं की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा नाही, आणणाऱ्यावर घ्यायचा. दहांतल्या नऊ वेळा तो बरोबर निघतो. आता दहावी वेळ सांगते.

मंदाताई धायरीच्या. वयाने माझ्याच आसपास. घरची शेती होती, ती गेली, तिच्यावर इमारती आल्या. उरला तो घराचा तुकडा आणि त्याच्यातली विहीर. नळाची लाइन त्यांच्या गल्लीत अजून पोचली नव्हती, त्यामुळे घर त्या विहिरीवर होतं, आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या सोसायट्यांचे टँकरही तिथेच भरायचे. मंदाताई डोक्यावर पदर घेऊन माझ्यासमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन.

“म्याडम, डाक्टर म्हनले पानी तपासून घ्या.”

“कोणाला बरं नाही?”

“नात हाय. साडेसात वर्सांची. दुधाचं दात अजून पडत्यात तिचं, आन् मी तिला पॅड कसा लावायचा ते शिकवतीया.”

मी पेन खाली ठेवलं. अशा मुली आमच्या कामात कागदावर भेटत, अशी समोर बसलेली आजी पहिलीच. तरी जे खरं ते सांगणं भाग होतं. “मंदाताई, हे पाण्यामुळेच झालं असेल असं नाही. पुष्कळ कारणं असतात. कधी कधी तर कारण सापडतच नाही.”

“ते मला बी कळतंय. थोरलीचं झालं ते झालं. धाकटी चार वर्सांची हाय, ती बी त्याच हिरीचं पिती. तिच्यापायी आलीया मी.”

त्यांचा कॅन मी घेतला नाही. रीतसर नमुना आणायला आमच्या सय्यदभाईंना पाठवलं. सय्यदभाई कसबा पेठेत राहणारे, नमुने गोळा करण्यात माझ्याइतकेच जुने. बाटलीच्या तोंडाला त्यांचं बोट कधी लागलं नाही. त्यांनी दोन बाटल्या नेल्या, एक रिकामी आणि एक कोरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आणून दिल्या.

विहिरीच्या पाण्यात थॅलेट होतं, भरपूर. कोऱ्या बाटलीतही होतं. तितकंच.

मी सय्यदभाईंना बोलावलं. माझ्या टेबलाशी आणखी चौघंजण उभे होते, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी म्हटलं, “सय्यदभाई, हाताला अत्तर लावून बाटल्या हाताळलेल्या दिसतात. इतक्या वर्षांनी तुम्हाला मी हे सांगायचं का?”

ते म्हणाले, “मॅडम, अत्तर मी जुम्म्याला लावतो. काल मंगळवार होता.”

“मग काय आकाशातून पडलं?”

ते ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले आणि मी ‘जा’ म्हटल्यावर गेले.

अहवालात मी लिहिलं: कोरा नमुना दूषित, निष्कर्ष काढता येत नाही, फेरनमुना आवश्यक. हे इंग्रजीत लिहिलं, कारण आमचे अहवाल इंग्रजीतच जायचे. फेरनमुन्यासाठी मंदाताईंच्या घरी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा मी फाइल बंद करून कपाटात लावली. पुढे कळलं, मंदाताईंच्या मुलाने अहवाल वाचून घरात सांगितलं, “काही निघालं नाही.” तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. घाईत वाचणाऱ्याला त्या वाक्याचा तेवढाच अर्थ लागतो. आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या मशीनने काही काढलं नाही म्हटल्यावर विहीर चालू राहिली.

दोन उन्हाळे गेले. मंदाताई पुन्हा आल्या. या वेळी कॅन नव्हता, आमच्याच अहवालाची पिशवी होती. खुर्चीच्या कडेला न बसता सरळ बसल्या.

“धाकटी आता सहाची हाय. डाक्टर म्हनले, हिचं बी थोरलीवानीच. इंजेक्शन चालू केल्यात दर म्हैन्याला. सुई बघितली की कॉटखाली जाऊन बसती.”

पुन्हा नमुना घेऊ, एवढंच म्हटलं.

“घ्या की. पर ह्या टायमाला बाटल्या मोठ्या द्या. मागं दोनी भरून दिल्या व्हत्या, तरी तुमाला पुरलं न्हाई जनू.”

“दोन्ही?”

“व्हय. एक रिकामी व्हती, ती भरली. दुसरीत आदल्या दिसाचं शिळं पानी व्हतं. शिळं पानी घालून कुनाची बाटली माघारी देत्यात व्हय? जास्वंदीला वतलं, बाटली इसळली आन् ताजं भरून दिलं.”

तुम्हाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे जुन्या घरांत काल भरलेलं पाणी आज प्यायचं नाही. सकाळी उठल्यावर हंडे-कळशा रिकाम्या करायच्या, घासायच्या आणि ताजं भरायचं. कालचं पाणी शिळं. ते झाडांना. माझी आईही हेच करायची. मंदाताईंनी माझ्या बाटलीला तोच मान दिला होता, जो घरच्या कळशीला दिला असता. बाटलीवर ‘कोरी’ हे इंग्रजीत छापलेलं होतं.

त्या गेल्यावर मी कपाटातली फाइल काढली. विहिरीचा आकडा आणि कोऱ्या बाटलीचा आकडा शेजारी शेजारी होते, आणि जवळपास सारखे. हाताने लागलेलं रसायन असं कधीच वागत नाही. ते इकडे जास्त, तिकडे कमी, कसंतरी लागतं. दोन बाटल्यांत इतकं सारखं असेल तर एकच पाणी दोन बाटल्यांत आहे, हे आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीनेही सांगितलं असतं. शिवाय खिशात मावेल एवढं एक मीटर असतं. पाण्यात बुडवलं की त्यातले क्षार दाखवतं. अतिशुद्ध पाण्यात काटा हलत नाही, विहिरीच्या पाण्यात उडी मारतो. दोन मिनिटांचं काम. ते मीटर माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. मी खण उघडला नव्हता, कारण मला कारण आधीच सापडलं होतं.

सय्यदभाईंना विचारलं, एकटीने, दार लोटून.

“पंपाला वीज नव्हती, मॅडम,” ते म्हणाले. “दोन तास बसलो. पुढे कोंढव्याचे नमुने होते. बाटल्या ताईंकडे ठेवल्या, सांगितलं, पंप दहा मिनिटं चालला की ही भरा, हिला हात लावू नका. सकाळी जाऊन घेऊन आलो. स्वतः भरायला हव्या होत्या. चूक माझी.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगायलाच आलो होतो. तुम्ही अत्तराचं बोललात.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “मग राहिलं.”

मी त्यांची माफी मागितली. ते “जाऊ द्या, मॅडम” म्हणाले. निवृत्तीपर्यंत ते माझ्याशी नीटच वागले, पण नमुने टेबलावर ठेवून लगेच वळायचे. पूर्वी चहाला थांबायचे.

फेरनमुन्याला मी स्वतः गेले. इमारतींच्या पाठभिंतींमध्ये अडकलेली विहीर, वर लोखंडी जाळी. वरच्या अंगाला, शंभर पावलांवर, पत्र्याचं एक गोडाऊन. तिथे भंगारातलं प्लास्टिक, केबलची आवरणं, औषधांचे रिकामे पिंप धुऊन त्याचा चुरा करत होते. धुण्याचं पाणी एका कोरड्या बोअरमध्ये सोडलेलं. पृथ्वीच्या पोटात घातलं की गेलं, असं आपल्याकडे मानतात. या वेळी कोरी बाटली माझ्या हातात होती आणि ती कोरीच परत आली. विहिरीचं पाणी तसं नव्हतं. आकडा इथे देत नाही, तुम्हाला त्यातून काही कळणार नाही. एवढंच सांगते, की कागद हातात आल्यावर मी तो दोनदा तपासायला पाठवला आणि तिसऱ्यांदा पाठवायचा मोह आवरला.

अहवाल जिथे द्यायचा तिथे दिला. विहिरीच्या पंपाला सील लागलं. गोडाऊन आठवड्याभरात रिकामं झालं, पत्रेसुद्धा काढून नेले. कुठे नेले, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे त्या दिवसापासून कोऱ्या बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लेबल आलं: ‘हे पाणी मुद्दाम पाठवलं आहे, ओतू नये’, आणि आल्याबरोबर तिचे क्षार मोजायचा नियम. नियम करायला मला एक दुपार पुरली.

मग मी धायरीला गेले. माझे साहेब म्हणाले, “अहवाल पोस्टाने जाईल, तुम्ही कशाला?” मी गेले. मंदाताई ओट्यावर मेथी निवडत होत्या. धाकटी त्यांच्या पाठीला टेकून वहीत रंग भरत होती. माझ्याकडे पिशवी पाहून तिने विचारलं, “सुई आहे का यात?” मी पिशवी उलटी करून दाखवली. मग ती आत गेली.

मी म्हटलं, “मंदाताई, विहिरीत आहे. आणि हे दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. तुमच्या बाटल्यांत ते होतं. मी नीट पाहिलं नाही.”

त्यांनी मेथीची एक जुडी संपवली. दुसरी सोडली.

“तवाच कळलं असतं, तर धाकटीचं टळलं असतं का?”

“माहीत नाही.”

“येवढं शिकून?”

“एवढं शिकून. थोरलीचंही पाण्यामुळे झालं का, ते मला सांगता येत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. विहिरीत काय आहे तेवढं सांगता येतं.”

“आन् मी ती बाटली वतली नसती तर?”

“तुम्हाला कोणी कारण सांगितलं नव्हतं.”

“हात लावू नका म्हनला व्हता की त्यो सय्यदभाऊ. मीच शानपना केला.” त्यांनी देठं पदरात गोळा केली. “तुमी म्हनताय तुमची चूक, त्यो म्हनंल त्येची, मी म्हनतीया माजी. पोरगी कुनाला इचारनार?”

ईरा, नील, मी यंत्रासमोर बसून पुष्कळ प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. हा एक तसाच तुमच्यासाठी इथे लिहून ठेवते आहे. तुम्ही मोठेपणी कोणतंही काम करा. समोरचा माणूस काही सांगायला आला असेल तर त्याचं आधी ऐका. मला हे माझ्या विषयातल्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नाही, आणि ज्या किमतीला कळलं ती मी दिलेली नाही.

मंदाताई उठल्या. “आता हिरीला तर कुलूप घातलं. लाइन कवा येनार कुनाला ठावं. ह्या पोरींला प्यायला काय देऊ, त्ये सांगा.”

मी तोंड उघडायच्या आत गल्लीत हॉर्न वाजला. टँकर आला होता. घरोघरच्या बायका पिंप, बादल्या घेऊन बाहेर आल्या. ड्रायव्हरने हिरवा प्लास्टिकचा पाइप ओढत आणला आणि मंदाताईंच्या टाकीत सोडला. थोरली नात शाळेच्या गणवेशातच टाकीचं झाकण धरून उभी राहिली.

मी पुढे होऊन ड्रायव्हरला विचारलं, “पाणी कुठल्या विहिरीचं?”

त्याने ओंजळ पाइपाखाली धरली, घोटभर पाणी पिऊन दाखवलं आणि तोंड पुसलं.

“गोड हाय, म्याडम,” तो म्हणाला. “काळजी करू नका.”